सोलोचं ‘नको’ आणि सुराबायाचं ‘बरं’

सोलो, मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप दादा,

तुझ्या धाकट्या बहिणीचा, वुर्यानीचा, वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. प्रत्यक्षात पाठ धरली आहे, त्याचं कारण पुढे येईलच.) तुझा डावा गुडघा कसा आहे? तेल लावतोस का नुसतं कपाटात ठेवलंयस? वहिनींचा खोकला गेला का? तिकडे लांपुंगला कॉफीची झाडं यंदा बरी आहेत असं ऐकलं, ऐकून बरं वाटलं. इकडे अल्लाच्या कृपेनं सगळे ठीक. हे पेन्शनीत निघाल्यापासून दिवसभर घरात असतात, त्याबद्दल एक वेगळं पत्र लिहावं लागेल, तेव्हा ते आज नको. फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं पटत नाही. कागदावर निदान दोनदा वाचशील.

बातमी अशी की आमच्या लारसचं लग्न जमतंय. मुलगा सुराबायाचा, नाव गिलांग, गोदीत जहाजांची इंजिनं दुरुस्त करतो. लारस तिथल्या इस्पितळात रक्त तपासते, तिथेच कुठेतरी ओळख झाली. तिनंच शोधला. आपण शोधायचे दिवस गेले, यावर तू काही लिहू नकोस, मी स्वतःची समजूत घातली आहे आणि ती मोठ्या मुश्किलीनं टिकली आहे. तुला लारस माहीत आहे. चपलेचा पट्टा तुटला तरी लंगडत घरी यायची, पण नवी घ्या म्हणायची नाही. कधी काही मागितलं नाही पोरीनं. ती फोनवर म्हणाली, “आई, मला हाच हवा.” दादा, मी पंख्याखाली बसले होते तरी घाम फुटला. हिच्या तोंडात ‘हवा’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. तेव्हाच ठरवलं, आपल्याकडून काही बिघडायचं नाही. आणि बिघडवलं ते आम्हीच.

मुलाच्या आईवडिलांचा निरोप आला की एकदा येऊन जा, खाऊ-पिऊ, मग पुढचं बोलू. (रीतीनं आधी त्यांनी यायला हवं होतं हे मला ठाऊक आहे. समासात लिहून पाठवू नकोस.) लारसनं आदल्या रात्री बजावून सांगितलं होतं, “आई, तिकडे ‘नको’ म्हटलं की नकोच समजतात हं. भूक असली तर सरळ घ्या.” मी म्हटलं, बाळ, आम्ही काय आज जन्मलो? चार माणसांत कसं वागायचं ते सोलोच्या माणसाला सुराबायाकडून शिकायची वेळ आली का? आता तू एवढी वर्षं सुमात्रात काढलीस, विसरला असशील, म्हणून आठवण करून देते. आपल्या आईनं शिकवलं होतं ना : पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं, दुसऱ्यांदा विचारलं की हात जोडून नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की “बरं, अगदी थोडंसंच हं” म्हणून पान भरून घ्यायचं. यजमानालाही हे माहीत असतं, म्हणून तो तिसऱ्या वेळेची भांडी आधीच पुसून ठेवतो. आईचं दुसरं शिकवणं असं की पाहुणे म्हणून जायचं तर पोट रिकामं ठेवून जावं, म्हणजे यजमानाचा मान राहतो. तेव्हा आम्ही सकाळची गाडी पकडली ती चहाच्या एका घोटावर. आहेर म्हणून सेराबीचा मोठा डबा घेतला होता, नारळाच्या दुधातली तांदळाची धिरडी, कडा कुरकुरीत, अजून गरम. हे गाडीभर तो डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि दर स्टेशनला झाकणाचा वास घेत होते.

मुलाचं घर जुन्या वस्तीतल्या बोळात आहे. दारात कुंड्या, वर पिंजऱ्यात बुलबुल, घर स्वच्छ. मुलाचे वडील झैनुल, बंदरावर क्रेन चालवायचे. क्रेन सुटली पण आवाज सुटलेला नाही, समोर बसलेल्या माणसाशीही जहाजावरच्याशी बोलावं तसं बोलतात. आई रुकाया, शाळेचे गणवेश शिवते, बारीक अंगाची, नजर सुईसारखी. दोघं दारात उभेच होते. आत बसतो न बसतो तोच रुकायानं विचारलं, “जेवणार ना?” आणि आतून काळ्या मटणाच्या रश्श्याचा असा वास येत होता दादा, की माझे डोळे आपोआप मिटले. आम्ही दोघं एका सुरात म्हणालो, “नको नको, आत्ताच खाल्लं.” झैनुल म्हणाले, “बरं.” रुकाया आत गेली, आणि मी पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज ऐकला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

मी म्हटलं, असेल, दुसरं विचारणं थोड्या वेळानं येईल. तेवढ्यात झैनुलनी आमच्या डब्याची सुतळी तोडली. (पाहुण्यांच्या देखत! आपल्याकडे पाहुणा कोपऱ्यावरून वळेपर्यंत आहेराकडे कुणी बघतसुद्धा नाही.) डबा आमच्यासमोर धरला, “घ्या.” हे म्हणाले, “छे छे, तुमच्यासाठी आणलंय.” झैनुल म्हणाले, “बरं,” आणि एकेक करून सगळ्या सेराबी संपवल्या, मनापासून वाखाणत. ह्यांची नजर डब्यातून झैनुलच्या तोंडापर्यंत जायची आणि परत डब्यात यायची. शेवटची उचलताना मात्र ते क्षणभर थांबले, आणि मला वाटलं आता आलं तिसरं विचारणं. त्यांना ठसका लागला होता.

मग झैनुल उठले. म्हणाले, “घरात काय बसायचं? सुराबायाला आलात, सुराबाया खाऊन जा.” मला वाटलं, सुटलो. बाहेर टपरीवर कोण विचारत बसतं, बसलं की प्लेट पुढे येते. दादा, टपरीवरही विचारतात. पहिल्यांदा थांबलो ते रुजाकच्या गाडीवर. एक जाडजूड बाई भल्यामोठ्या दगडी पाट्यावर शेंगदाणे, मिरची, कच्चं केळ आणि पेतिस वाटत होती. पेतिस म्हणजे कोळंबीचा रस आटवून आटवून डांबरासारखा झालेला लगदा. त्यात काकडी, अननस, आंबवलेल्या सोयाबीनचे तेंपे, पालेभाजी आणि उकडलेल्या नाकाडाचे लुसलुशीत तुकडे. (होय, गुराच्या नाकाडाचे. तोंड वाकडं करू नकोस, तू लांपुंगला ते वास मारणारं दुरियानचं फळ आंबवून खातोस.) तिनं विचारलं, “किती?” झैनुलनी आमच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, “डॉक्टरांनी तिखट बंद केलंय.” मी म्हटलं, “मला खरंच भूक नाही.” झैनुल म्हणाले, “बरं. दोन.” आणि नवराबायको आमच्यासमोर बसून दोन प्लेटा पुसून पुसून खाऊन मोकळे झाले.

मला त्यांचा राग येत होता आणि आपलाही. पण जिभेचं वळण दादा, ते काय एका दिवसात जातं? पुढे झाडाखाली सेमांगीवाली बसली होती, पाठीवरची टोपली उतरवून. उकडलेली पानं, वर रताळ्याची गोडसर तिखट चटणी, आणि चमच्याऐवजी तांदळाचा मोठा पापड. रुकायानं तिथे खास थांबवलं. म्हणाली, “हे माझ्या आजीच्या गावचं, ताई. तिथल्या बायकाच विकतात हे.” आता हे तर विचारणंही नव्हतं, हा सरळ जिव्हाळा होता. घ्यायला हवं होतं मी. पण माझ्या तोंडून निघालं, “तुम्ही घ्या ना, मी बघते.” बघते! पापड मोडल्याचा आवाज ऐकत मी उभी. तेवढ्यात ह्यांच्या पोटातून असा काही लांबलचक आवाज निघाला की सेमांगीवालीनं टोपली सरकवली. झैनुल म्हणाले, “भाऊ, आत कोण भांडतंय?” हे म्हणाले, “आज माझा उपास आहे.” रुकाया म्हणाली, “शनिवारी?” (सोमवार-गुरुवारचे रोजे सगळ्या जावाला माहीत आहेत. शनिवारचा हा ह्यांनी त्या दिवशी सुरू केला. आणि आल्या आल्या ‘आत्ताच खाल्लं’ असंही म्हणून झालं होतं.)

समुद्रावर गेलो तेव्हा माथ्यावरचं ऊन नुकतं कलायला लागलं होतं. तिथे कुपांग, तांदळाएवढे शिंपले, आंबटसर पाण्यात, भाताच्या वड्यांवर घालून देतात, जोडीला काडीला ओवून भाजलेले मोठे शिंपले. आम्ही नको म्हणालो. झैनुल “बरं” म्हणाले, पण या वेळी आवाज लहान होता. रुकायानं चमचा खाली ठेवला. मला म्हणाली, “ताई, एक विचारू? राग मानू नका, माझ्या पोटात राहत नाही. आमचं खाणं तुमच्या घशाखाली उतरत नाही, मग तुमची मुलगी आमच्या घरात येऊन काय खाणार?”

दादा, तिथेच खरं सांगून टाकायला हवं होतं. बाई, मी सकाळपासून उपाशी आहे, तुझ्या नवऱ्याच्या ताटातली भाताची वडी मला तीनदा स्वप्नात दिसली, असं सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी हसले, आपल्या आईसारखी, तोंडावर हात ठेवून, आणि म्हणाले, “छे छे, तसं काही नाही. खरंच पोट भरलंय.” रुकाया म्हणाली, “सकाळपासून?” आणि ताट तसंच सोडून घराकडे निघाली.

घरी आम्हाला मागची खोली दिली, जरा पडा म्हणून. हे भिंतीकडे तोंड करून झोपले. भिंत म्हणजे फळ्यांची. पलीकडून झैनुलचा आवाज आला, त्यांच्या हिशेबानं ती कुजबुज होती. “मोठ्या घरचे दिसतात. आपलं काही नको त्यांना.” मग रुकाया म्हणाली, “माझं काही नाही हो. पण पोरगी पण अशीच असली तर? माझ्या हातचं ताट रोज तसंच परत येणार? संध्याकाळी गिलांग आला की सांगू त्याला, नीट विचार कर म्हणून. जमायचं दिसत नाही हे.” माझ्या पोटात गोळा आला. (त्या दिवशी पोटात आलेला पहिला पदार्थ.) “मला हाच हवा” म्हणणारी पोर, आणि तिच्या आईबापानं तिचं लग्न नुसत्या नको नको म्हणण्यात घालवलं. आणि गंमत बघ, आत जाऊन “नाही हो, आम्हाला भूक आहे” एवढं सांगायचं होतं. पण न विचारता भूक लागली म्हणून कसं सांगायचं? त्याला तर आईनं काही रीतच घालून दिली नव्हती.

मी ह्यांना हलवलं. अंथरुणात उशी होती, हे नव्हते. मागच्या दारानं बाहेर पडले. असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, बांग नुकतीच झाली होती, बोळात माणसं मशिदीकडे चालली होती. मला वाटलं, हे पण तिकडेच गेले असतील. बोळाच्या तोंडाशी एक रुजाकची गाडी होती, बुटकं बाकडं, त्यावर कुणीतरी पाठ करून बसलेलं. पाठ ओळखीची वाटली. बातिकचा शर्ट तर मीच इस्त्री केलेला होता. दादा, हे तिथे बसून खात होते, मिशीला काळं पेतिस, डोळ्यांतून पाणी. मला बघून उठले नाहीत की लाजले नाहीत. फक्त जरा सरकले. मी बसले. भांडायला तोंड उघडलं होतं, गाडीवालीनं त्यातच प्लेट सरकवल्यासारखी पुढे केली, आणि मी खायलाच लागले. पहिली प्लेट कशी होती ते मला सांगता येणार नाही, ती थांबलीच नाही. दुसरीची चव लागली. नाकाडाचे तुकडे तोंडात मऊ, मग जरासे चिवट, वर अननसाचा आंबटपणा, आणि ते पेतिस, दिसायला गटार आणि चवीला अख्खा समुद्र. ह्यांनी मध्येच शेजारच्या टोपलीतून ओंदे-ओंदे, तिळात घोळून तळलेले गोड गोळे, काढले, मी दोन्ही हातांत एकेक घेतला.

तेवढ्यात मागे चप्पल वाजली. रुकाया. हातात झाकणाचा डबा. तिनं आम्हाला पाहिलं नव्हतं, ती गाडीवालीशी बोलत होती : “मिना, माझं एक काम कर गं. पेतिस घालू नकोस, मिरची नको, नाकाड नको, काहीतरी गोडसर, पांढरं, सोलोच्या माणसाला खाता येईल असं करून दे. पाहुणे सकाळपासून उपाशी आहेत, आपलं काळं बघूनच घाबरतात बिचारे.”

मिना म्हणाली, “कोण पाहुणे? हे? अगं, यांची तिसरी प्लेट चालू आहे.”

रुकायानं माझ्याकडे पाहिलं. दादा, मला जे काही सुचलं असतं ते सगळं सुचलं, ओळखीची होती म्हणून बसलो, मिनाबाईंनी आग्रहच केला, पण तोंडात ओंदे-ओंदे होता. रुकाया पुढे आली, डबा गाडीवर ठेवला, आणि अगदी हळू विचारलं, “ताई, आणखी एक घेणार?”

पहिलंच विचारणं होतं ते. दुसरं येईल याची खात्री नव्हती. मी गिळलं आणि म्हणाले, “हो.”

मग ती जी हसायला लागली! बाकड्यावर बसली, बाकडं हललं, डोळ्यांना ओढणी लावली, मला पाठीत असा धपका घातला की अजून वाकता येत नाही (नमस्काराचं कारण ते). “अगं बये,” म्हणाली, “सकाळपासून तोंड शिवलं होतंस का? माझा रस्सा आत निवतोय आणि मी इथे तुझ्या नावानं रडतेय!” मी तिला आईची रीत सांगितली, पहिलं नको, दुसरं नको, तिसऱ्यांदा थोडंसंच. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “आणि समजा कुणी तिसऱ्यांदा विचारलंच नाही तर?” झैनुल आवाज ऐकून आले, त्यांना सगळं परत सांगितलं, ते इतक्या जोरात हसले की अर्धा बोळ गोळा झाला, आणि मग अर्ध्या बोळाला सांगितलं. त्या काळ्या रश्श्याचं पातेलं तिथेच बाकड्यावर आलं. लारस आणि गिलांग कामावरून आले तेव्हा आम्ही चौघं एका ओळीत बसून जेवत होतो. लारसनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. जवळ आली, रुमाल काढला आणि माझ्या हनुवटीचं पेतिस पुसलं, मी ती लहान असताना तिचं पुसायचे तसं. मग हळूच म्हणाली, “सांगितलं होतं ना.” मुलगा चांगला आहे दादा. आधी मला वाढलं, मग स्वतः बसला.

तर असं सगळं सुखरूप झालं. तुझ्या गुडघ्याला जप, वहिनींना माझा नमस्कार सांग, लहानांना आशीर्वाद.

तुझी,
वुर्यानी

ता. क. पुढच्या महिन्यात तेरा तारखेला मुलाकडचे मागणी घालायला येणार आहेत, तुम्ही दोघं आधी चार दिवस या. येताना काही आणू नका. घरात सगळं आहे. केळ्याचे तिखट काप तर मुळीच नकोत, बोटीत सांभाळत आणावं लागतं.

ता. क. २. पत्र खरं यासाठीच लिहिलं. घरात थोरला तू, तेव्हा आपल्या बाजूनं उत्तर तूच द्यायचं. धाकट्या मावशीच्या मुलीच्या वेळी तू काय बोलला होतास ते मला पाठ आहे : आमची पोर अडाणी आहे, आळशी आहे, हिला भात शिजवता येत नाही, आपल्या थोर घराच्या उंबऱ्याला ती शोभायची नाही, आपण दुसरीकडे पाहावं. बायका रडल्या होत्या इतकं छान बोललास. ते लोक सोलोचेच होते, त्यांनी तीनदा विचारलं. दादा, हात जोडते. झैनुल वाजिक आणि जेनांग, म्हणजे चिकट भाताच्या गोड वड्या, घेऊन येतील, जोडपं चिकटून राहावं म्हणून. सगळी मंडळी बसतील, आणि ते त्यांच्या त्या क्रेनच्या आवाजात विचारतील, “मुलगी देणार का?” तू जर “आमची पोर अडाणी आहे” म्हणालास, तर ते “बरं” म्हणतील, डबे उचलतील आणि संध्याकाळच्या गाडीनं सुराबायाला परत जातील. भाषण तयार केलं असशील तर ते मला पत्रानं पाठव, मी एकटी बसून रडेन. तिथे फक्त “हो” म्हण. पहिल्याच फेरीत.

ता. क. ३. लारसनं वरची पहिली ता. क. वाचली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. तेव्हा सरळ लिहिते : काप हवेत, दोन डबे, वहिनींच्या हातचे. आणि एक. तू उत्तर द्यायला उठशील तेव्हा माझ्याकडे बघू नकोस. मी तोंडावर हात ठेवून बसले असेन आणि माझ्या चेहऱ्यावर ‘नको’ दिसेल. ते आईनं शिकवलेलं नसेल दादा, ते खरं असेल, एकुलती एक पोर आहे माझी. तरी तू हो म्हणून टाक, आणि लगेच वहिनींना कापांचा डबा उघडायला सांग.